ओठावरची रेघ

१

भिंगरीचा फोटो फलकावर लावलेला होता आणि भिंगरीची आई त्याच्यासमोरून दोनदा पुढे निघून गेली होती.

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचा दिवस होता. सभागृहाबाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात हिरव्या कापडाचे फलक उभे केले होते आणि त्यांवर शाळेतल्या प्रत्येक मुलाचा एकट्याचा, नुसत्या चेहऱ्याचा मोठा फोटो टाचणीने लावला होता. पालकांनी आपलं मूल शोधायचं, टेबलापाशी पैसे द्यायचे आणि फोटो घरी न्यायचा. आलेल्या पैशातून वाचनालयाला पुस्तकं मिळणार होती. कल्पनेत नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. पालक बोट दाखवून हसत होते आणि ‘अगदी बापावर गेलाय’ वगैरे चाललं होतं.

“अहो, असेलच. नीट बघा,” टेबलामागून पालक संघाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या. फोटोंचा सगळा घाट त्यांनीच घातला होता. एरवी त्या ब्यूटी पार्लर चालवायच्या आणि पालक संघही साधारण तशाच धाकात चालवायच्या.

तिसऱ्या वेळी आईने चेहरे सोडून खालची नावं वाचायला सुरुवात केली, तेव्हा फोटो सापडला. नाव भिंगरीचं, रिबिनी भिंगरीच्या, डोळेही तिचेच. पण नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत उतरणारी रेघ नव्हती. ओठ सरळ, गुळगुळीत, बाहुलीसारखा.

भिंगरी जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता. दूध ओढता येत नव्हतं, म्हणून घरच्यांनी तिला थेंबाथेंबाने वाढवलं. लहानपणीच ऑपरेशन झालं, मग आणखी एक झालं, आणि ती रेघ तेवढी राहिली. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसून आईने जे काही नवस-सायास मनात केले, त्या सगळ्याचं उत्तर म्हणजे ती रेघ होती. आणि कुणीतरी ती खोडरबराने पुसावी तशी पुसून टाकली होती.

“ही माझी मुलगी नाही,” ती म्हणाली. आवाज चढवून नाही, पण व्हरांड्यातली कुजबुज थांबली.

२

भिंगरीची आत्या त्या दिवशी भाचीचं गाणं ऐकायला आली होती. तिची नोकरी विमा कंपनीत. जळालेल्या गोदामात फिरून आग लागली की लावली, हे ठरवण्यात तिचे दिवस जायचे. त्यामुळे आवाज चढवण्याआधी ती नीट बघायची. वहिनीचा चेहरा पाहून मात्र तिचंही रक्त तापलं.

फोटोग्राफर टेबलाच्या कडेला लॅपटॉप उघडून बसला होता.

“ही रेघ तुम्ही काढलीत?” आत्याने विचारलं.

“हो, काढली की!” तो खूश होऊन म्हणाला. “काम कसं बेमालूम झालंय बघा. कुणाला सांगूनसुद्धा पटणार नाही.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. “तिच्याच.”

त्याने मूळ फोटो पडद्यावर आणले. पहिल्या फोटोत भिंगरी स्टुलावर ताठ बसली होती, रेघेसकट, आणि तिचं बोट ओठावर होतं.

“आत आली, बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘काका, हे नको.’ मला वाटलं, घरून सांगून पाठवलं असेल. ती एकटीच नाही, आणखीही काही मुलं तसंच म्हणाली. मी कशाला खोलात शिरू?”

“मुलगी सांगते चेहरा बदला आणि तुम्ही बदलता? आईबापांना विचारावंसं वाटलं नाही?”

“ताई, आजकाल लग्नाच्या फोटोत लोक पोट कमी करून मागतात. मी कुणाकुणाला विचारत बसू?”

वहिनी मात्र त्या एका शब्दापाशीच थांबली होती. ‘घरून.’ ती वळली आणि सभागृहाच्या दाराकडे बघायला लागली. आत पहिल्या रांगेत, शेजारच्या खुर्च्यांवर पिशवी आणि शाल ठेवून सगळ्यांसाठी जागा धरून, भिंगरीची आजी बसली होती.

३

“आई, ‘मोठेपणी जाईल ना गं ती रेघ?’ असं कोण विचारायचं?” वहिनी सासूसमोर उभी राहून म्हणाली. “प्रत्येक तपासणीनंतर कोण विचारायचं?”

आजीला आधी काही कळेना. आत्याने तिला थोडक्यात सांगितलं. ते ऐकून म्हातारीच्या हातातला चष्म्याचा डबा मांडीवर पडला.

“मी विचारायची,” ती म्हणाली. “तुझ्यासमोर, डॉक्टरांसमोर विचारायची. पोरीसमोर कधी विचारलं?”

“मग तिला हे सुचलं कुठून?”

“सूनबाई, तू दवाखान्यात ग्लानीत होतीस, तेव्हा तिला बोळ्याने दूध मी पाजलंय. त्या फाटक्या ओठाचा पहिला मुका मी घेतलाय. तू तर नंतर घेतलास.” आजीने डबा उचलून पिशवीत टाकला. “आज मला हे विचारायला आलीस?”

आत्याला आपल्या आईचा स्वभाव ठाऊक होता. म्हातारी टोचून बोलेल, रुसून बसेल, पण लपूनछपून काही करणार नाही.

तेवढ्यात भिंगरीच आली. गाण्याच्या बाईंनी तिचा हात धरला होता. बाईंच्या खांद्यावर सुती ओढणी, कानात बारीक खडे, आवाज मधासारखा. दोन वर्षांपूर्वी भिंगरीचे ‘प’ आणि ‘ब’ नाकातून यायचे. या बाईंनी शाळा सुटल्यावर तिला जवळ बसवून, समोर आरसा धरून, ओठ कसे मिटायचे आणि कसे उघडायचे ते शिकवलं होतं. आज भिंगरी समूहगीतात गाणार होती. वहिनी त्या बाईंचं नाव देवाच्या खालोखाल घ्यायची.

“काय झालं हो? अरेरे!” बाईंनी वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. “आत्ता तिला काही विचारू नका. गाण्याआधी गळा भरून आला तर संपलंच.”

पण वहिनीच्याने राहवलं नाही. “भिंगरी, ‘हे नको’ असं म्हणायला तुला कुणी सांगितलं?”

भिंगरीने आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि खाली मान घातली. तिचे डोळे काठोकाठ भरले.

“मी नाही सांगणार,” ती म्हणाली.

४

म्हणजे सांगणारं कुणीतरी होतं.

आत्या पुन्हा व्हरांड्यात आली. फोटोग्राफरला ‘आणखी कुणाकुणाचे बदललेत’ असं विचारून तिने चेहरे हेरले आणि ती मुलं दिसतील तशी त्यांच्याच फोटोशेजारी उभी करून बघायला लागली. आगीत काय जळलं यापेक्षा काय वाचलं ते बघायची तिला सवय होती.

एका मुलाचे कान बाहेर आलेले होते, फोटोत ते डोक्याला चिकटवलेले होते. एका मुलीच्या पुढच्या दातांमधली फट बुजवली होती. एका सावळ्या पोरीला पिठात बुडवून काढल्यासारखं केलं होतं. आत्याचा संताप चढत गेला. कुणीतरी पोरांना रांगेत उभं करून बाजारात भाजी निवडावी तशी निवडली होती!

मग ती एका तिरळ्या डोळ्याच्या मुलापाशी आली आणि थबकली. त्याचा फोटोही बदललेल्यांतला होता, पण डोळा तसाच होता. अगदी जसाच्या तसा, एक इकडे आणि एक तिकडे.

“तुझं काय बदललं रे?”

“बटण,” तो अभिमानाने म्हणाला. त्याच्या गणवेशाचं वरचं बटण तुटलेलं होतं. फोटोत ते होतं. “आई रोज म्हणते लावते, पण लावतच नाही. म्हणून मी काकांना सांगितलं, बटण नाही ते चालणार नाही, तेवढं लावा.”

आत्याला हसू फुटलं आणि तत्क्षणी विरलं. कुणी मोठं माणूस मुलांच्या चेहऱ्यातली खोट काढत बसलं असतं, तर या पोराचा डोळा त्याला सगळ्यांत आधी दिसला असता. बटण दिसलंच नसतं. म्हणजे काय नको ते मोठ्यांनी निवडलं नव्हतं. मुलांनाच निवडायला लावलं होतं.

“तुम्हाला कुणी विचारलं होतं का, तुमच्यात काय नको म्हणून?”

“तो खेळ होता. आरशाचा.” बोलता बोलता पोराने जीभ चावली.

“कुणी खेळायला लावला?”

“आईची शपथ घातलीय.”

“कुणी घातली?”

“तेच सांगायचं नाही ना!” तो वैतागून म्हणाला आणि धूम पळाला.

आत्या तिथेच उभी राहिली. लहान मुलांना आरसा दाखवून, वर आईची शपथ घालून तोंड बंद करायचं? गोदामं पेटवणारी माणसं तिने पाहिली होती. त्यांची तिला कधी इतकी किळस आली नव्हती.

५

आरसा म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांसमोर जे नाव येईल तेच तिच्याही आलं. ती टेबलापाशी गेली.

“फोटो काढले त्या दिवशी आरसा घेऊन मुलांजवळ तुम्ही होतात?”

“मी?” अध्यक्षीणबाई ताडकन उठल्या. “माझं पार्लर आहे म्हणून मी पोरांची तोंडं रंगवते असं म्हणायचंय? मी त्या दिवशी इथे फिरकलेसुद्धा नाही. आणि माझ्या लेकीचा फोटो सगळ्यांत आधी मीच विकत घेतलाय. चांगले नसते तर घेतला असता?”

आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. त्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणायचे.

“सभागृहात संस्थेचे लोक बसलेत,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “फोटो आवडला नसेल तर घेऊ नका. साधी गोष्ट आहे.”

“साधी?” आत्या म्हणाली. “मुलीचा चेहरा तिच्या आईला न विचारता बदलला, तो विकायला लावला आणि मुलीला गप्प बसवलं. यातली साधी गोष्ट कुठली?”

“आवाज कमी करा.”

“आवाज तुमच्या शाळेत आधीच कमी केलाय कुणीतरी. मुलांचा.”

मोठ्या बाईंनी ओठ आवळले. आतून घंटा झाली. समूहगीत सुरू होणार होतं. वहिनीने आत्याचा दंड धरला. “वन्सं, भिंगरीचं गाणं चुकवायचं नाही. मग काय ते भांडू.”

दोघी आत गेल्या. पडदा उघडला.

रंगमंचावर मुलं चढत्या पायऱ्यांवर उभी होती. वरच्या पायरीवर कान बाहेर आलेला मुलगा. त्याच्या खाली दातांत फट असलेली मुलगी. शेजारी सावळी पोर. पुढे तिरळा, तुटक्या बटणासकट. मध्यभागी भिंगरी. वेगवेगळ्या वर्गांतली, व्हरांड्यात इकडेतिकडे विखुरलेली ती सगळी मुलं एकाच ठिकाणी गोळा झाली होती.

आणि त्यांच्यासमोर, थोड्या बाजूला, मुलांकडे तोंड करून, गाण्याच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी हात उचलले आणि स्वतःचा ओठ गोल करून दाखवला. सगळ्या मुलांनी तसाच गोल केला. आरशातल्यासारखा.

आत्याने बाईंवरची नजर हलवली नाही. शेजारी वहिनी कौतुकाने रडत होती.

६

गाणं संपल्यावर संगीताच्या खोलीत सगळे जमले. हार्मोनियम, चटया, खिळ्याला अडकवलेला हातभर आरसा. मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं. अध्यक्षीणबाई स्वतःवरचा आळ धुऊन काढायला आल्या होत्या.

“तो आरशाचा खेळ तुम्ही खेळवलात,” आत्या गाण्याच्या बाईंना म्हणाली.

“नाही हो, वन्सं!” वहिनीच आधी म्हणाली. “त्या कशा असतील?”

“वहिनी, ऐक. ज्यांचे फोटो बदलले ती सगळी समूहगीतातली मुलं आहेत, बाहेरचं एकही नाही. आरसा इथे रोजचाच, म्हणून कुणा मुलाला त्यात वावगं वाटलं नाही. पण मला खरं पटलं ते त्यांच्या गप्प बसण्यावरून. धाक दाखवलेलं मूल घरी जाऊन आईच्या कुशीत रडतं आणि सगळं बोलून टाकतं. या मुलांना आईची शपथ घातली होती आणि ती इतके दिवस बोलली नाहीत. अध्यक्षीणबाई, राग मानू नका, तुमच्यासाठी ती गप्प बसली नसती.”

“नसतीच बसली. घाबरतात मला,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

“जिच्यावर जीव आहे, तिलाच दिलेला शब्द मुलं असा पाळतात. या शाळेत असं कोण आहे, हे मघाशी रंगमंचावर दिसलं.”

गाण्याच्या बाईंनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग त्या शांतपणे बोलल्या, आणि त्या शांतपणाचाच सगळ्यांना जास्त राग आला.

“टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी या मुलांची नावं पाठवायची आहेत. तिथे आधी फोटो बघतात, आवाज नंतर ऐकतात. चांगली मुलं नुसत्या फोटोवरून बाजूला पडलेली मी पाहिली आहेत. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. आणि मी एकाही मुलाला नाव ठेवलं नाही. हे खराब, ते वाईट, असं एकदाही म्हटलं नाही. आरसा हातात दिला आणि त्यांनाच विचारलं, यातलं तुला काय नको?”

वहिनीने खिळ्यावरचा आरसा उतरवून हातात घेतला.

“त्यांनाच विचारलंत,” वहिनी म्हणाली. “बाई, तुम्ही तिला बोलायला शिकवलंत. मी तुमचे पाय धरायला तयार होते. त्याच आरशात तुम्ही तिला ओठ मिटायला शिकवलंत, आणि त्याच आरशात तो ओठ नको म्हणायलाही शिकवलंत? आणि वर माझी शपथ घातलीत? माझी?”

“मला तिच्या भल्याचंच...”

“तिचं भलं मी ऑपरेशनच्या टेबलावर ठेवून आलेय, दोनदा. मला शिकवू नका.”

“हे बघा, आपण हे इथेच मिटवू,” मोठ्या बाई मध्ये पडल्या. “फोटो गुपचूप बदलून देऊ. बाहेर बोभाटा झाला तर शाळेचं नाव...”

“थांबा,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून सकाळी घेतलेला लेकीचा फोटो काढला होता. त्या तो खिडकीच्या उजेडात धरून बघत होत्या. त्यांची लेकही समूहगीतात होती. तिच्या भुवईत एक तीळ होता, आजोळच्या सगळ्या बायकांना असतो तसा. फोटोत तो नव्हता.

“सकाळपासून दहा जणींना दाखवला मी हा,” त्या म्हणाल्या. “काय गोड आलाय म्हणाल्या. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.” त्यांनी फोटो पालथा घातला. “मी दिवसभर लोकांची तोंडं रंगवते, बाई. माझं पोट त्यावर आहे. पण माझ्याकडे येतात त्या मोठ्या बायका, आपल्या पायांनी येतात. आठ वर्षांच्या पोरीला समोर बसवून ‘तुझ्यात काय नको’ असं मी आजवर कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिच्या आईने माझं दुकान फोडलं असतं आणि बरोबरच केलं असतं.”

“तुम्ही कुठे निघालात?” मोठ्या बाई घाबरून म्हणाल्या.

“माइकवर.”

७

अध्यक्षीणबाईंनी रंगमंचावर जाऊन सगळं सांगितलं. नीटसं नाही, संतापाने तोतरं होत, मध्येच शब्द विसरत, पण सांगितलं. फोटोंची विक्री तिथल्या तिथे थांबली. मुलांना ‘तुमची शपथ सुटली’ असं गाण्याच्या बाईंना सगळ्यांसमोर म्हणावं लागलं, तेव्हा तो तिरळा पोरगा मोठ्याने “हुश्श!” म्हणाला.

तरी सगळं सरळ झालं असं नाही. फोटोग्राफरने मूळ फोटो छापून दिले. पण कान चिकटवलेल्या मुलाच्या वडिलांनी बदललेला फोटो परत द्यायला नकार दिला. “बरा दिसतोय की यात,” ते म्हणाले. मुलगा शेजारीच उभा होता. सावळ्या पोरीच्या मावशीने दोन्ही मागून घेतले. मोठ्या बाईंनी चौकशी समिती नेमली आणि समूहगीत ‘तूर्त’ नाचाच्या सरांकडे सोपवलं. वहिनीने सासूची माफी मागितली. सासूने दोन दिवस रुसून मग ती स्वीकारली.

पुढच्या आठवड्यात आत्या घरी आली. सकाळची वेळ होती, भिंगरी शाळेची तयारी करत होती. तिचा मूळ फोटो कपाटावर उभा केला होता, रेघेसकट.

“भिंगरे, एक विचारू?” आत्या तिच्या रिबिनी बांधता बांधता म्हणाली. “तुला ती रेघ खरंच नको होती?”

भिंगरीने विचार केला. “मला आधी माहीतच नव्हतं,” ती म्हणाली, “की ती नको असते.”

आत्याच्या हातातली गाठ सुटली. तिने ती पुन्हा बांधायला घेतली. विषय बदलावा म्हणून तिने ऑफिसातल्या एका साहेबांची नक्कल केली. साहेब खुर्चीवरून पडतात ती. भिंगरीला ती फार आवडायची. भिंगरी खळखळून हसली.

हसताना तिचा हात वर गेला आणि तोंडावर आला. पटकन, आपोआप, जांभई देताना जातो तसा.

वहिनीने पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आजीनेही पाहिलं. ती उठली, शाल घेतली आणि दारापाशी जाऊन चपला शोधू लागली.

“आई, कुठे निघालीस?” आत्याने विचारलं.

“शाळेत.”

“आता कशाला? फोटो मिळाले ना.”

“फोटो मिळाले,” आजी म्हणाली. तिने एक चप्पल घातली, दुसरीसाठी भिंतीला हात टेकला. “हिचा हात खाली कोण आणणार, ते विचारून येते. आणि उत्तर मिळाल्याशिवाय मी तिथून हलायची नाही. समितीला सांग, माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवा.”